टंचाई कशाची?

मनुष्यसमाजावर ओढवणाऱ्या आपत्तींना प्रत्येक भाषेनें आपल्या अनुभवाप्रमाणें नांवें दिलीं आहेत. अन्नाच्या अभावाला संस्कृतांत ‘दुर्भिक्ष’ म्हणतात. ज्या काळीं भिक्षा मिळणें दुर्घट होतें तो काळ, असा त्याचा अर्थ. या शब्दाची नजर आकाशाकडे किंवा शेताकडे नाहीं, देणाऱ्याच्या हाताकडे आहे. ‘अवर्षण’ हा शब्द पावसापुरतेंच बोलतो. ‘दुष्काळ’ सगळा दोष काळाच्या माथीं मारून मोकळा होतो. या मालिकेंत सर्वांत सौम्य शब्द म्हणजे सरकारी दप्तरांतील ‘टंचाई’. इ. स. १९६३ मध्यें महाराष्ट्र विधिमंडळानें एक कायदा करून, राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळवाचक ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढून टाकला व त्याच्या जागीं टंचाईवाचक ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर सरकारची नजर सतत असते आणि टंचाई दिसूं लागतांच मदत सुरू होते, तेव्हां दुष्काळापर्यंत मजल जाण्याचें कारण उरलें नाहीं, असा त्यामागील विचार होता. पुढें दहा वर्षांच्या आंतच १९७२ सालची आपत्ति आली. कायद्यानें पुसलेला शब्द लोकांच्या जिभेवरून मात्र पुसला गेला नाहीं. आजहि खेड्यांतील वृद्ध माणसें ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेंच म्हणतात. ‘बहात्तरची टंचाई’ असें म्हणतांना आम्हीं कोणास ऐकलें नाहीं.

या नांवांवरून एक प्रश्न सहज निघतो. टंचाई पडते म्हणजे नेमकें काय उणें पडतें? धान्य, पैसा, काम, पाणी, कीं दुसऱ्याच्या कोठारावर सांगावयाचा हक्क? इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, निरनिराळ्या काळीं उणी पडलेली वस्तु निराळी होती. ज्या राज्यकर्त्यांनीं ती बरोबर ओळखली त्यांच्या हातून माणसें वांचलीं. ज्यांनीं मागील दुष्काळाचें औषध पुढील दुष्काळाला दिलें त्यांच्या हातून माणसें गेलीं. हें विधान पडताळून पाहण्यासाठीं आम्हीं मराठवाड्यांतील एक लहानसें ठिकाण डोळ्यांपुढें ठेवलें आहे. तें म्हणजे लासूर स्टेशन.

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, रोटेगांव मागें टाकून दौलताबादेकडे जातांना, गंगापूर तालुक्यांत हें स्टेशन लागतें. जवळच शिवना नदीच्या कांठीं दाक्षायणी देवीचें जुनें लासूरगांव आहे. जुनें गांव नदीच्या आश्रयानें वसलें. नवें गांव रुळांच्या आश्रयानें वाढलें, आणि ‘स्टेशन’ हा शब्द त्याच्या नांवांत कायमचा येऊन बसला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा सुमारें ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग निजामाच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस, १९०० च्या सुमारास, खुला झाला. तेव्हांपासून भोंवतालच्या खेड्यांतील माल येथें उतरूं लागला, आणि आज लासूर स्टेशन आसपासच्या टापूची मोठी बाजारपेठ आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील. खालीं काळा पाषाण, वर कोठें खोल काळी माती, कोठें नुसता मुरूम. या पाषाणाच्या पोटांत पाणी फार साठत नाहीं. पावसानें ऐन वेळीं ओढ दिली कीं बाजरी माना टाकते, आणि परतीचा पाऊस चुकला कीं रब्बीचा जोंधळा हातीं लागत नाहीं. अशा भूमींत राहणाऱ्या माणसाला टंचाई ही पाहुणी नव्हे. ती घरांतलीच आहे.

रेल्वे येण्यापूर्वींचे दुष्काळ प्रथम पाहूं. दक्षिणेंत परंपरेनें सर्वांत भयंकर मानलेला दुष्काळ दुर्गादेवीचा. तो इ. स. १३९६ पासून १४०७ पर्यंत बारा वर्षें चालला असें सांगतात. पुढें त्याच पंधराव्या शतकांतील एका दुष्काळाशीं मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा जोडली गेली आहे. बेदरच्या बादशहाचीं कोठारें भरलेलीं, बाहेर प्रजा उपाशी, आणि मध्यें कुलूप. पंतांनीं कोठारें उघडून धान्य वांटलें, आणि विठोबानें महाराचें रूप घेऊन त्याचें मोल बादशहाच्या खजिन्यांत भरलें, अशी ती कथा आहे. चमत्काराचा भाग भाविकांकडे सोंपविला तरी तींत एक मर्म उरतें. धान्य नव्हतें असें ही कथा म्हणत नाहीं. धान्य होतें, पण तें देण्याची मुभा नव्हती, असें ती म्हणते. शास्त्रकारांनाहि हें ठाऊक होतें. दुर्भिक्ष पडलें असतां राजानें बीं व अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा, आणि दुर्ग, बंधारे यांसारखीं कामें काढून लोकांस पोसावें, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगून ठेविलें आहे.

तरीहि त्या काळीं धान्याचा खरोखरीचा तुटवडा पडत असे, हें नाकारतां येत नाहीं. इ. स. १६३० ते १६३२ या वर्षांचा दुष्काळ त्याची साक्ष देतो. पावसानें दगा दिला होता आणि त्यांत शहाजहानचें सैन्य निजामशाही बुडविण्यासाठीं दक्षिणेंत उतरलें होतें. गुजराथ आणि दख्खन मिळून ओसाड पडावयाची वेळ आली. बादशाही इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें, पिठांत हाडांची भुकटी मिसळून विकली जात असे, इतकें भयानक वर्णन करून ठेविलें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींतील पीटर मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याकडे निघाला. त्याच्या प्रवासवृत्तांत वाटेवरचीं ओस गांवें आणि उघड्यावर पडलेलीं प्रेतें येतात. देहूच्या तुकोबारायांचें दुकान याच दुष्काळांत मोडलें व त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. पुढें त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं, असें चरित्रकार सांगतात. दुष्काळांत सावकाराचा कागद हा दुसरा दुष्काळ होतो, हें त्या वाण्याच्या मुलाला प्रत्यक्ष अनुभवानें कळलें असावें.

बादशहानें कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं. बुऱ्हाणपुरास लंगर उघडले गेले. दर सोमवारीं पांच हजार रुपये याप्रमाणें वीस सोमवारांत एक लाख रुपये वांटण्यांत आले. अहमदाबादेस पन्नास हजार रुपये दिले गेले. आणि खालसा मुलखांतील सुमारें सत्तर लाख रुपयांचा सारा माफ झाला. हे आंकडे लहान नाहींत. पण रुपया खाऊन कोणाची भूक भागत नाहीं. त्या काळीं धान्य वाहून नेणारे म्हणजे वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे. बैलाला वाटेंत चारा लागतो आणि पाणी लागतें. ज्या वर्षीं माणसाला दाणा नसतो त्याच वर्षीं बैलाला काडी नसते. म्हणून दूरच्या प्रांतीं पीक चांगलें आलें असलें तरी तें येथपर्यंत पोंचत नसे, आणि जें पोंचे त्यावर छावणीचा हक्क पहिला. १६३३ सालीं महाबतखानानें दौलताबादेस वेढा घातला, तेव्हां तो अजिंक्य किल्ला अखेर उपासमारीमुळें हातीं आला. लासुराहून पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या त्या किल्ल्यानें तोफांना दाद दिली नव्हती. रिकाम्या कोठारापुढें त्याला मान तुकवावी लागली.

अशा काळांत शहाणपण साठवणींत होतें. सुकाळांतलें धान्य पेवांत आणि कणग्यांत भरून ठेवावयाचें, बलुतेदाराला पैशाऐवजीं खळ्यावरच वांटा द्यावयाचा, आणि दोन वर्षें पाऊस न झाला तरी तग धरावयाचा, ही कुणबिकीची रीत. धान्याप्रमाणें पाण्याचाहि असाच विचार झाला होता. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविली. तेथें भूमीच्या पोटांतून जी नहर त्यानें आणली ती या कोरड्या मुलखांतील बुद्धिमत्तेचें मोठें उदाहरण आहे. या सगळ्या व्यवस्थेंत दोषहि पुष्कळ होते. पेव ज्याच्या अंगणांत त्याचें पोट आधीं भरे, आणि बलुत्यांतील शेवटचा वांटा ज्याच्या पदरीं पडे त्याला पहिल्याच दुष्काळांत गांव सोडावें लागे. गतकाळ सोन्याचा होता असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

रुळांनीं हें चित्र पालटलें. बैलाला चारा लागतो. आगगाडीला तो लागत नाहीं. ब्रह्मदेशचा तांदूळ मुंबईच्या बंदरीं उतरून थोड्याच दिवसांत घांटमाथ्यावर येऊं लागला. दुर्गादेवीच्या काळासारखा धान्याचा निव्वळ अभाव यापुढें राहणार नव्हता. परंतु जी गाडी धान्य आणते ती धान्य नेतेहि. स्टेशनावरच्या व्यापाऱ्याला भोंवतालच्या खेड्यांतील पोट दिसत नाहीं, तारेनें आलेला भाव दिसतो. आणि तसें करण्यांत तो कांहीं पाप करतो असेंहि नाहीं, व्यापाराचा धर्मच तो आहे. हातीं रोकड येऊं लागली तसें पेव मागें पडलें. ज्याच्याजवळ पैसा त्याला दाणा, असा नवा नियम सुरू झाला. आणि ज्या मजुराची मजुरी पावसावर अवलंबून, त्याच्याजवळ दुष्काळांत पैसा कोठून येणार?

या गोष्टीचा उलगडा सरकारी रीतीनें प्रथम १८८० च्या दुष्काळ आयोगानें केला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत सुमारें साडेबावन्न लाख माणसें अधिक मेलीं असा त्या आयोगाचा अंदाज होता. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगानें असें दाखविलें कीं, अवर्षणाचा पहिला घाव शेतींतील कामावर पडतो. मजुरी बंद होते, आणि मजुरीवर जगणारा बाजारांत धान्य असूनहि उपाशी राहतो. यांतूनच १८८३ चा दुष्काळसंहितेचा मसुदा निघाला, आणि त्याच्या आधारानें प्रांतोप्रांतीं नियम झाले. पण औषध ओळखणें निराळें आणि त्याची मात्रा पुरती देणें निराळें. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं सरकारी कामावरील मजुराला दिवसास एक पौंड धान्य पुरे, असें ठरविलें होतें. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं तें कमी केलेलें वेतन नाकारून कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें आंकड्यांनिशीं मांडली. १८९६ च्या दुष्काळांत टिळकांच्या ‘केसरी’नें व सभेच्या माणसांनीं खेडोपाडीं जाऊन दुष्काळसंहितेंतील तरतुदी शेतकऱ्यांस समजावून सांगितल्या. पीक बुडालें तर सारातहकुबी मागणें ही याचना नव्हे, तो कायद्यानें दिलेला अधिकार आहे, हा विचार तेथून रुजूं लागला. भिक्षेकडून हक्काकडे पडलेलें महाराष्ट्रांतील हें एक मोठें पाऊल, असें आम्हांस वाटतें.

लासुराचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यांत होता. सीमेपलीकडील नाशिक व नगर जिल्ह्यांतील हा गलबला येथें दुरूनच ऐकूं येई. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हां नवे रूळ आणि जुनी भूक यांची येथें गांठ पडली. १८९१ ते १९०१ या दशकांत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. १९०१ च्या गणतींत ती सुमारें ७ लाख २१ हजार भरली. गुरें किती मेलीं असतील याची कल्पनाच केलेली बरी. रेल्वेमुळें दुष्काळ नाहींसा होईल असें मानणाऱ्यांना मिळालेलें हें कडू उत्तर होतें. रुळांनीं धान्याचा प्रश्न सोडविला होता. मजुरीचा सोडविला नव्हता.

हीच गोष्ट १९४३ च्या बंगालनें पुन्हां जगापुढें आणली. सरकारी चौकशी आयोगानें तेथील मृत्यु सुमारें पंधरा लाख धरले. पुढील अभ्यासकांनीं हा आंकडा तीस लाखांपर्यंत नेला. प्रा. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या वर्षीं बंगालमध्यें धान्याचा पुरवठा १९४१ सालाहून कमी नव्हता. युद्धामुळें भाव चढले, आणि मजूर, कोळी, कारागीर यांच्या मिळकतीला ते पेलले नाहींत. कलकत्त्याच्या दुकानांत तांदूळ होता, आणि त्याच शहराच्या रस्त्यांवर माणसें मरत होतीं.

आतां १९७२ कडे वळूं. १९७० पासून तीन वर्षें महाराष्ट्रांत पीक खालावत गेलें, आणि १९७२-७३ सालीं तृणधान्याचें उत्पन्न नेहमींच्या निम्म्याहूनहि कमी झालें. मराठवाडा फार होरपळला. केवळ धान्याच्या हिशेबानें पाहिलें तर या राज्यांत मोठा नरसंहार व्हावयास हवा होता. तो झाला नाहीं. लोकांचे हाल झाले, कर्जें झालीं, गुरें मातीमोलानें विकलीं गेलीं किंवा दावणीलाच मेलीं. पण जुन्या दुष्काळांसारखीं माणसें लाखांनीं मेलीं नाहींत. याचें मुख्य कारण सरकारनें काढलेलीं कामें. मे १९७३ मध्यें जवळजवळ पन्नास लाख माणसें या कामांवर होतीं. रस्त्यांसाठीं खडी फोडणें, पाझर तलाव खणणें, नाल्यांना व शेतांना बांध घालणें, हीं तीं कामें. परदेशाहून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाहीं. मिलोची भाकरी कोणास आवडली नाहीं, तरी ती हातीं आली तेव्हां ती घामाची होती. स्ट्रेचीच्या आयोगानें नव्वद वर्षांपूर्वीं जें निदान केलें होतें त्याला पुरेशी मात्रा या वेळीं प्रथमच मिळाली, आणि ती मिळाली याचें एक कारण असें कीं, मजूर आतां मतदारहि होता. मोर्चे निघत, विधानसभेंत प्रश्न विचारले जात, वर्तमानपत्रें बंद पडलेल्या कामांचीं गाऱ्हाणीं छापीत.

या अनुभवांतून एक कायमची गोष्ट निघाली. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालींच सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळांत त्याची कसोटी लागली. १९७७ सालीं त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचें काम मागेल त्याला तें देणें सरकारवर बंधनकारक झालें. त्याचा खर्च भागविण्यासाठीं १९७५ पासून शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांवर व्यवसाय कर बसविला गेला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पगारांतून ही लहानशी रक्कम महिन्यास कापली जात आली आहे. ती मुळांत कशासाठीं बसली हें ठाऊक असणारे थोडे असतील. खळ्यावरील बलुत्याचें हें नवें रूप होतें. फरक एवढाच कीं, येथें शेवटचा वांटा कोणाचा हें गांवच्या पाटलानें ठरवावयाचें नव्हतें. २००५ सालीं देशानें याच धर्तीवर कायदा केला.

असें असतां आज लासूर स्टेशनाच्या परिसरांत टंचाई उरली आहे का? धान्याची नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें दाण्याचा प्रश्न पुष्कळ अंशीं सोडविला. आतां उणें पडतें तें पाणी. १९७२ च्या दुष्काळांतच भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि खडकाला भोंकें पाडणारीं यंत्रें खेडोपाडीं फिरूं लागलीं. त्या वेळीं तें जीवदान होतें. पुढें प्रत्येकानें आपापली कूपनलिका शेजाऱ्याहून खोल नेण्यास आरंभ केला. विहिरींत पाणी दिसतें तरी. भूमीखालचें पाणी कोणाचें, हें दिसत नाहीं आणि ठरतहि नाहीं. ज्याच्याजवळ खोल जाण्याचा पैसा त्याचें पाणी, असा नियम होऊन बसला. रेल्वेच्या आरंभकाळीं धान्याचा जो नियम झाला होता, तोच हा. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं माणसें आणि त्याच शिवारांत भिजणारा ऊस हें दृश्य मराठवाड्यांत अपरिचित नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी नेण्याची पाळी आली. पहिल्या फेरींत दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी गेलें. ज्या साधनानें एके काळीं धान्य आणलें त्याच साधनानें आतां पाणी आणलें. अडचणीच्या वेळीं तें योग्यच होतें, पण धान्याच्या बाबतींत एकट्या गाडीनें भागलें नव्हतें, हें १९०० सालानें शिकविलें आहे.

या दिशेनें कायद्याचें एक पाऊल पडलें आहे. २००५ च्या जलसंपत्ति नियमन कायद्यानें, टंचाईच्या वर्षीं खोऱ्यांतील धरणांच्या पाण्याची तूट वरच्या व खालच्या भागांनीं न्याय्य प्रमाणांत वांटून घ्यावी, असें तत्त्व मान्य केलें. त्याच आधारानें नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठीं पाणी सोडण्याचे प्रसंग आले, आणि प्रत्येक वेळीं भांडणेंहि झालीं. हीं भांडणें पाहून पुष्कळांस वाईट वाटतें. आम्हांस मात्र त्यांत सार्वजनिक सभेच्या काळची आठवण होते. ज्यावर कोणाचा हक्कच मानलेला नाहीं त्याबद्दल कोणी भांडत नाहीं. तेथें माणूस मुकाट्यानें गांव सोडून जातो. धरणाच्या पाण्याविषयीं निदान वाद तरी सुरू झाला आहे. शिवनेच्या कांठचीं कित्येक गांवें धरणाच्या नव्हे, भूमीखालच्या पाण्यावर जगतात, आणि त्या पाण्याची वांटणी अजून खऱ्या अर्थानें सुरूच झालेली नाहीं. पावसाळ्यानंतर गांवाच्या विहिरींतील पाणी मोजून त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावयाचें हें सर्वांनीं मिळून ठरविणें, पिण्याच्या पाण्याचा वांटा आधीं बाजूस काढणें, आणि तो मोडणाऱ्यास गांवानें आवरणें, ही त्याची साधी सुरुवात आहे. तसें जेथें घडलें त्या हिवरेबाजारचें उदाहरण शेजारच्याच नगर जिल्ह्यांत आहे. १९७२ सालीं कामाचा हक्क मान्य झाला तसा पिण्याच्या पाण्याचा हक्क गांवोगांव जोंपर्यंत मान्य होत नाहीं, तोंपर्यंत सरकारी कागदावर टंचाई लिहिलें काय किंवा दुष्काळ लिहिलें काय, उन्हाळ्यांत रिकामी घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला त्याचें कांहीं सोयरसुतक असणार नाहीं.